हातात द्या

काकांच्या टपरीवर पैसे ठेवून वडा मिळत नसे. ठेवून म्हणजे अक्षरशः ठेवून. तुम्ही दहाची नोट काढून समोरच्या फळीवर ठेवलीत आणि 'दोन वडापाव' म्हणालात, तर काका आधी नोटेकडे बघायचे, मग तुमच्याकडे, आणि उजवा हात पुढे करून उभे राहायचे. तळवा वर. तोंडातून एकच शब्द, "हातात." गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला नोट दिसली नाही. तो बोटाने ती पुढे सरकवायचा. काका हलायचे नाहीत. मागे रांग वाढायची, कढईतले वडे काळपट व्हायला लागायचे, पण माणसाने नोट उचलून त्यांच्या तळहातावर ठेवल्याशिवाय पुढचं काही घडत नसे. सुट्टे परत करतानाही तेच. तुम्ही हात पुढे करेपर्यंत ते नाणी मुठीत धरून थांबायचे आणि मग तुमच्या तळहातावर टेकवायचे. वरून टाकायचे नाहीत.

मी हे सगळं ऑफिसच्या खिडकीतून बघायचे. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या काही कारखान्यांची मिळून एक असोसिएशन होती. तिच्या मैदानाला आम्ही स्टेडियम म्हणायचो, कारण एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर पत्रा होता. हिवाळ्यात दर रविवारी कंपन्या-कंपन्यांची क्रिकेटची टुर्नामेंट चालायची. बदलापूरला मांजर्लीत आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्याच्या पुढच्या वर्षी मला त्या असोसिएशनच्या ऑफिसात नोकरी लागली. माझी पहिलीच. पत्रं टाइप करायची, मैदानाचं बुकिंग घ्यायचं आणि मैदानावरच्या स्टॉलवाल्यांच्या तक्रारी ऐकायच्या. स्टॉल दोनच होते. एक काकांचा, चहा-वडापावचा. दुसरा उल्हासनगरच्या एका सिंधी शेठचा, वेफर्स, कोल्ड्रिंक आणि दाल-पकवानचा. माझी आई म्हणायची, हिला पगार नाही दिला तरी ही कामावर जाईल, हिला नुसत्या चौकशा हव्यात. ते काही खोटं नव्हतं.

काकांना खेळाडू पाठीमागे 'हातात काका' म्हणायचे. खरं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. एका औषधाच्या कारखान्यातून व्हीआरएस घेऊन त्यांनी हा स्टॉल घेतला होता. राहायला शिवमंदिराच्या बाजूला. सकाळी गेटमधून आत आले की ऑफिसच्या दाराशी थांबून "जयभीम, मॅडम" म्हणायचे आणि मी उत्तर दिल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. अंगात पांढरा फुल शर्ट, इस्त्रीचा, बाह्या कोपरापर्यंत सारख्या दुमडलेल्या. वडे तळणाऱ्या माणसाने पांढरा शर्ट का घालावा, हा मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. "डाग दिसतो म्हणून," ते म्हणाले. आता डाग दिसतो हे चांगलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्याकडे चहाही एकच मिळायचा. स्पेशल नाही, मलई मारके नाही, साहेबांचा वेगळा नाही. शेठकडे अधिकारी मंडळींसाठी कपबशीचा सेट काढून ठेवलेला असायचा, कामगारांना प्लास्टिकचे पेले. काकांकडे सगळ्यांना तोच जाड काचेचा ग्लास. कुणी 'स्पेशल द्या' म्हणालं की ते शांतपणे विचारायचे, "मग बाकीच्यांना मी काय देतो?" माणूस गुपचूप साधा चहा घ्यायचा.

क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. टपरीची तोंडाची बाजू पायऱ्यांकडे होती, त्यामुळे काकांची पाठ कायम मैदानाकडे. मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं, पण इतकी वर्षं तिथे उभं राहून त्यांनी एक ओव्हर पाहिली नव्हती. पायऱ्यांवरून ओरडा झाला की 'कोण जिंकलं' विचारायचे. मॅच अर्धीही झालेली नसायची. त्यांचं लक्ष माणसांच्या हातांकडे. पैसे घेताना तळहात बघून ते माणसाचं काम ओळखायचे, निदान तसा त्यांचा समज होता. "वेल्डिंगला असता वाटतं?" समोरचा निघायचा दातांचा डॉक्टर. "पेंट शॉप?" तो म्हणायचा, नाही हो, काल बहिणीच्या लग्नात मेंदी सांडली. दहातले आठ अंदाज चुकायचे, पण त्यांचा उत्साह कमी झाला नाही. माझा हात पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले, शिवणकाम करता. मला सुईत दोराही ओवता येत नाही.

एकदा एका मोठ्या कंपनीचे जनरल मॅनेजर मॅच बघायला आले. त्यांनी पन्नासची नोट फळीवर ठेवली आणि पाठ करून मोबाइलवर बोलायला लागले. काकांचा हात पुढे झाला. साहेबांना तो दिसेना आणि काका हाक मारेनात. तेवढ्यात मलंगगडाच्या बाजूने वारा सुटला. नोट फळीवरून उडाली, टपरीच्या कडेने मागे मैदानात गेली आणि बाउंड्रीवरच्या फिल्डरने ती उडी मारून एका हातात झेलली. पायऱ्यांवर टाळ्या पडल्या. बोलर धावता धावता थांबला. फिल्डर नोट घेऊन धावत आला, त्याने ती साहेबांना दिली. साहेबांनी फोनवर बोलता बोलताच ती पुन्हा फळीवर ठेवली. तेव्हा तो फिल्डरच, धापा टाकत, हात जोडून म्हणाला, "साहेब, हातात. नाहीतर आम्हाला आज इनिंग संपवता येणार नाही."

एवढं सगळं बघितल्यावर माझ्यासारखीला झोप कशी लागणार? मी मनाशी कारणं मांडायला लागले. फळी ओली असते, नोटा भिजतात, हे पहिलं. पण काका फळी दर दोन मिनिटांनी पुसायचे, ती माझ्या टेबलापेक्षा कोरडी होती. मग वाटलं, लक्ष्मी म्हणून. पण ते नोट कपाळाला लावत नसत, सरळ गल्ल्यात टाकायचे. कुणी पैसे उचलून नेईल ही भीती म्हणावी, तर गल्ला उघडा टाकून ते पाणी भरायला जायचे. शेवटी मी शेठना विचारलं. शेठनी आवाज खाली आणला. "मॅडम, ये उसका टोटका है. हाथ को हाथ लगता है ना, गिऱ्हाईक बंध जाता है. सिंधी मार्केटमध्ये पण एक जण असाच करायचा, आज त्याची तीन दुकानं आहेत." पुढच्या रविवारी शेठनी स्वतः तो प्रयोग करून बघितला. हात पुढे करून 'हातात, हातात' म्हणत दिवसभर उभे राहिले. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, काही धंदा वाढला नाही, खांदा मात्र धरला.

काकांना सरळ विचारलं तर ते म्हणायचे, "पैसे ठेवायची जागा बँक. ही फळी आहे." बस्स. गप्पा संपल्या.

ते कोडं सुटलं ते अंपायर दादांमुळे. दादा बदलापूरजवळच्या एका गावचे आगरी, पत्रे कापायच्या प्रेस शॉपमध्ये कामाला होते आणि रविवारी अंपायरिंग करायचे. एकदम सरळ माणूस. त्यांनी आउट दिलं की बॅट्समन वाद घालत नसे. लंचला सगळे काकांकडे जायचे, दादाही जायचे. मी बघायचे, दादा डाव्या हाताने नाणी फळीवर ठेवायचे आणि बाजूला होऊन उभे राहायचे. काका हात पुढे करायचे. "हातात." दादा खाली बघायचे. मग दादा नाणी उचलून खिशात टाकायचे आणि नळावर पाणी पिऊन परत उन्हात जायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एखाद्याने दुसऱ्या स्टॉलवर चहा घेतला असता, पण दादा यायचे काकांकडेच आणि हटायचेही नाहीत. आणि काका, जे एरवी वेड्यासारखे हसतमुख, त्यांचा चेहरा दादांना बघताच दगड व्हायचा.

एका रविवारी मला राहवलं नाही. दादा पाणी पिऊन मैदानात गेले आणि मी टपरीशी जाऊन म्हटलं, काका, हे बरं नाही. तो माणूस सकाळपासून उन्हात उभा आहे. एक कप चहासाठी एवढं काय?

काका कढईतले वडे काढत होते. त्यांनी झारा बाजूला ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागले. त्यांच्या गावात एकच दुकान होतं. त्यांची आई तिथे मीठ-मिरची आणायला जायची तेव्हा लहानगे काका तिचा पदर धरून बरोबर असायचे. दुकानाच्या ओट्याखाली उभं राहायचं, पैसे ओट्याच्या कडेवर ठेवायचे आणि मागे सरायचं. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून पैसे उचलणार. उरलेले पैसे तो वरून टाकणार, पुडीही वरून सोडणार. कधी पुडी फुटायची, मग आई मीठ मातीतून वेचायची. पुढे काका अंबरनाथला कारखान्यात लागले, कंपनीची खोली मिळाली, आईला घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात तिला शिवमंदिराजवळच्या वाण्याकडे नेलं. तो बिचारा चांगला माणूस, पैसे घ्यायला हात पुढे करून उभा राहिला. आईने पैसे फळीवर ठेवले.

"मी म्हटलं, आई, हातात दे," काका म्हणाले. "तर म्हणते, उगं त्याला कशाला इटाळ."

मी विचारलं, मग दिले का नंतर कधी?

"नाही दिले. मरेपर्यंत नाही दिले. मी रोज सांगायचो, हातात दे. वाणी हात पुढे करून उभा, आणि ही ठेवतेय खाली." त्यांनी पुन्हा फळी पुसली, ती स्वच्छ असूनही. "म्हणून मॅडम, कुणी घाईत पैसे ठेवतो, त्याला मी सांगतो, तो देतो, विषय संपतो. पण हा जाणूनबुजून ठेवतो. सांगूनही देत नाही. त्याला माझ्या हाताला हात लावायचा नाही."

मला रडूही आलं आणि हसूही. कारण अख्ख्या मैदानाला जे माहीत होतं, ते एकट्या काकांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, काका, जरा मागे वळा. ते म्हणाले, कशाला? मी म्हटलं, वळा तर खरं.

काका पहिल्यांदा मैदानाकडे तोंड करून उभे राहिले. आमचं नशीब, त्याच षटकात अपील झालं. सगळे खेळाडू ओरडत दादांकडे वळले आणि दादांनी बोट वर केलं. डाव्या हाताचं.

"त्यांच्या उजव्या हाताला बोटंच नाहीत," मी म्हटलं. "प्रेसमध्ये गेली. अंगठा तेवढा राहिलाय. म्हणून तो हात कायम कोटाच्या खिशात असतो."

काका परत टपरीकडे वळले. त्यांनी एक ग्लास धुतला, पुन्हा धुतला, चहा भरला आणि टपरी उघडी टाकून, पांढऱ्या शर्टात, सरळ बाउंड्री ओलांडून पिचकडे चालायला लागले. मॅच चालू होती. खेळाडू बघतच राहिले. मी मागोमाग धावले, काय होतंय ते मला चुकवायचं नव्हतं. काकांनी ग्लास दादांपुढे धरला. दादांनी सवयीने खिशातून नाणी काढली आणि ठेवायला जागा शोधू लागले. तिथे फळी कुठली?

काका म्हणाले, "द्या ना. डाव्या हातानं द्या."

"डाव्या हातानं पैसं कसं देव तुमाला?" दादा म्हणाले. "बरं दिसत नाय ते. म्हनून ठेवीत व्हतो."

म्हणजे इतके रविवार एक जण मान राखायला म्हणून पैसे खाली ठेवत होता, आणि दुसऱ्याला वाटत होतं आपला अपमान चाललाय. मी तिथे उभी होते आणि मला राग आला. कुणाचा, ते कळेना, कारण समोरचे दोघंही चांगले होते. काकांनी उजव्या हातातला ग्लास सांभाळत आपला डावा हात पुढे केला. "मग मीही डाव्यानं घेतो," ते म्हणाले. "फिटंफाट."

तेव्हापासून काका सगळ्या जगाचे पैसे उजव्या हाताने घ्यायचे आणि दादांचे डाव्या. दादांचा उजवा हात मात्र खिशातच राहिला. चहाही ते डाव्या हातानेच प्यायचे.

हे असं छान चाललं असताना कार्ड आलं.

एमआयडीसीतलीच एक कंपनी कारखान्यांसाठी हजेरीची मशीनं बनवायची. गळ्यातलं कार्ड मशीनला टेकवलं की टुईं वाजतं आणि हजेरी लागते. त्यांनी त्या वर्षीची टुर्नामेंट स्पॉन्सर केली आणि अट घातली की मैदानावर कॅश चालणार नाही. प्रेक्षकांनी गेटवर माझ्या टेबलाशी पैसे भरायचे, कार्ड गळ्यात घालायचं, आणि स्टॉलवर जाऊन ते मशीनला टेकवायचं. असोसिएशनच्या अध्यक्ष साहेबांना कल्पना फार आवडली. ड्रिंक्स ब्रेकमध्ये स्टॉलवर झुंबड उडायची, सुट्ट्यांवरून कटकट व्हायची, शेठ सुट्ट्यांऐवजी सगळ्यांच्या हातात चॉकलेटं कोंबायचे. ते सगळं बंद होणार होतं. खरं सांगायचं तर मलाही मजा वाटली होती. आमच्या भागात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं.

कंपनीचा इंजिनिअर दोन्ही स्टॉलवाल्यांना ऑफिसात बसवून समजावून सांगत होता. शेठनी मशीन हातात घेऊन उलटसुलट केलं, भाव किती लावले ते गिऱ्हाइकाला कळतं का, एवढंच विचारलं. काकांनी विचारलं, "कार्ड मशीनला कोण टेकवणार?"

"कस्टमर स्वतः," इंजिनिअर खुशीत म्हणाला. "तोच तर फायदा आहे, काका. नोटा नाहीत, नाणी नाहीत, कुणाचा कुणाला हातसुद्धा लागत नाही."

तो पोरगा भला होता, त्याच्या मनात काही नव्हतं. काकांनी त्या मशीनवरून एकदा हात फिरवला. मग उठता उठता, मला तेवढं ऐकू येईल असं म्हणाले, "आलं परत ओट्यावर."

पहिल्या रविवारी शेठनी पहिल्या टुईंला मशीनच्या पाया पडून भवानी केली. काकांच्या फळीवर मशीनच नव्हतं. मी जाऊन बघते तर त्यांनी ते आतल्या बाजूला, पावाच्या लादीशेजारी ठोकून टाकलं होतं. गिऱ्हाइकाने कार्ड गळ्यातून काढायचं, काकांच्या हातात द्यायचं. काका ते आत टेकवणार आणि परत तळहातावर ठेवणार. बायकांच्या केसात दोऱ्या अडकत होत्या, रांग पायऱ्यांपर्यंत गेली होती, आणि काका दर माणसाला हात पुढे करून त्याच शांतपणे म्हणत होते, "हातात." कंपनीचा मालक ते बघून गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट नव्हते, घाईत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं ऐकतात ते. समजवा. फायनलला मशीन पुढे लागलेलं दिसलं नाही, तर स्टॉल दुसऱ्याला. माझ्याकडे पार्टी तयार आहे."

स्टॉल गेला असता तर काका कुठे जाणार होते? व्हीआरएसचे पैसे मुलींच्या लग्नात गेले होते. काकू पहाटे उठून चटणी वाटायच्या, घर त्या टपरीवर चालायचं. हे मला माहीत होतं आणि काकांनाही माहीत होतं. मी गेले तेव्हा ते मशीनवरचं पीठ फडक्याने पुसत होते. साहेबांचा निरोप त्यांना आधीच कळला होता. मी उगीच काहीतरी बोलत राहिले. मशीन सगळ्यांना सारखंच आहे काका, साहेब असो की हेल्पर, ते काही भेद करत नाही.

"ते खरंय," काका म्हणाले. "मशीन वाईट नाही. ते कुणालाच हात लावत नाही." मग म्हणाले, "मी मागे वीस माणसं उभी असली तरी एकेकाचा हात बघतो. मला आता काय दिसणार?"

पुढचा एकही प्रश्न न विचारता मी ऑफिसात परत आले. माझ्या आईला कळलं असतं तर तिला आश्चर्य वाटलं असतं.

फायनलच्या दिवशी मी सकाळी गेटवर टेबल मांडतानाच तिकडे पाहिलं. मशीन फळीवर होतं, पुढच्या बाजूला, बरोब्बर मध्ये. काका त्याच्या मागे उभे. शर्ट तसाच पांढरा, पण बाह्या खाली सोडलेल्या, मनगटाची बटणं लावलेली. गर्दी झाली. टुईं, दोन वडापाव. टुईं, तीन चहा. काका प्लेट फळीवर ठेवायचे, माणूस उचलायचा. सगळं भराभर चाललं होतं. रांग अशी नव्हतीच. साहेबांनी लांबून मला अंगठा दाखवला. कुणी काकांकडे बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष मशीनवरच्या लाल आकड्यांकडे. काकांनी एकदाही 'हातात' म्हटलं नाही. मध्ये जरा उसंत मिळाली की ते हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. त्या माणसाला हात पाठीमागे बांधून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी गेटवरच्या टेबलाशी बदली माणूस बसवला आणि तिकडे गेले, पण जाऊन करायचं काय ते मला माहीत नव्हतं.

इनिंग संपली. दादा मैदानातून आले. अंपायर म्हणून त्यांनाही स्पॉन्सरने कार्ड दिलं होतं, गळ्यात लटकत होतं. ते रांगेला लागले. माझ्या मनात आलं, चला, दादांची तरी सोय झाली, आता उजवा-डावा प्रश्नच नको, कार्ड छातीने टेकवलं तरी चालेल. ते पुढे सरकले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग काकांकडे, काकांच्या मनगटाच्या बटणांकडे. काका म्हणाले, टेकवा. पाठीमागचा हात काही त्यांनी पुढे आणला नाही.

दादांनी कोटाच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला.

इतक्या वर्षांत मैदानावर तो हात कुणी पाहिला नव्हता. कातडी गुळगुळीत, गुलाबी, अंगठा एकटाच. रांगेतला मागचा माणूस बोलता बोलता थांबला. नाणी त्या हाताला धरता येत नसत, नोट धरता येत नसे, पण कार्ड धरायला काहीच लागत नव्हतं. दादांनी ते अंगठ्याने तळव्यावर दाबलं आणि मशीनला टेकवलं. टुईं. लाल आकडा बदलला. उजव्या हाताने पैसे दिले त्यांनी, कितीतरी वर्षांनी.

काकांनी सवयीने चहाचा ग्लास फळीवर ठेवला. दादांनी तो उचलला नाही. उजवा हात त्यांनी मागे घेतलाच नव्हता. तोच त्यांनी वळवला, तळवा वर केला आणि मशीनच्या बाजूने पुढे धरला.

"हातात द्या," दादा म्हणाले.

काका त्या हाताकडे बघत राहिले. कोणत्या कामाचा हात आहे, हे या वेळी त्यांना ओळखावं लागलं नाही. त्यांनी मनगटाची बटणं काढली. एक बाही दुमडली, मग दुसरी, नेहमीसारखी सारखी. ग्लास फडक्यात गुंडाळला आणि दादांच्या तळव्यावर ठेवला. अंगठा वळून ग्लासाला लागला, पण पकड बसेना, चहा हिंदकळला. काकांनी खालून आपला तळहात लावला.

मागे रांग वाढत होती. साहेब लांबून बघत होते. कुणी घाई केली नाही. ग्लास दादांच्या हातात नीट स्थिर होईपर्यंत काकांनी खालचा हात काढला नाही, आणि मग पुढच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही टेकवा तिकडे. आणि हात पुढे करा, वडा हातात देतो."